दोन बोटं आखूड

३ ऑगस्ट, रविवार

रीताने चंद्रपूरवरून ही डायरी पाठवली. कोणत्या तरी बियाण्याच्या दुकानाची आहे, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कपाशीचं बोंड. फोनवर मला म्हणते, "आई, बाबावर ओरडायचं मन झालं का त्याच्यात लिहीत जा." पोरगी नर्सिंगला काय गेली, आईलाच डोस देऊन राह्यली!

घ्या, लिहिते. मी बारावी शिकली आहे, तेव्हा लिहीन शाळेतल्यासारखं. पण राग आला की हात आपोआप मले-तुले करेल, त्याला इलाज नाही. आणि अजून एक. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, उखाण्यातच काय ते. घरात मी 'अजी' म्हणते. पण इथे कोण पाहते? प्रफुल. प्रफुल, प्रफुल, प्रफुल! बरं वाटलं.

तर मी मंजुषा, चिचटोल्याची आशाताई. गोळ्या वाटणं, मलेरियाचं रक्त घेणं, गरोदर बायांना दवाखान्यात नेणं, हे माझं काम. आणि प्रफुल म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकातला राजा. वडशाच्या अयूबभाईच्या कंपनीत राजा म्हटलं की तोच. त्याची एन्ट्री पाहायला लोक ट्रॅक्टर भरून यायचे. विंगेतून निघायचा, जरा थांबायचा, आणि मग चालायचा. बस, चालायचा. तोंडातून शब्द निघायच्या आधी शिट्ट्या. त्या चालण्यात राजवाडा, हत्ती, फौज सगळं दिसायचं, मागे पडदा फाटका असला तरी. मीही शिट्टी मारली आहे एकदा, लग्नाच्या आधी. मग त्याच्याशीच लग्न झालं.

फेब्रुवारीत प्रयोगावरून परत येताना कंपनीची जीप उलटली. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. हाड जुळलं, पण डावा पाय दोन बोटं आखूड झाला. डॉक्टरने साफ सांगितलं, हा पाय आता लांब होणार नाही, चालायला लागा. तेव्हापासून राजा छपरीत खाटेवर बसून आहे आणि भिंतीकडे पाहतो. दसऱ्याला कंपनीचं बुकिंग सुरू होईल. राजाचं काम अयूबभाईने कंपनीतल्याच नथ्थूला दिलं आहे, तात्पुरतं म्हणे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत प्रफुल स्टेजवर उभा नाही झाला तर ते कायमचं. मग हा माणूस घरात राहील, जेवेल, झोपेल, पण जगणार नाही. हे मी रीतालाही सांगितलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

भांडण झालं. मी म्हटलं, "अजी, उठा. चाला. गावातून एक चक्कर मारून या." तर म्हणतो, "गावाने मले राजा चालताना पाह्यलं. लंगडा नाई दाखवणार मी त्याह्यले."

मी म्हटलं, "मंग काय घरात अंडे देता?"

हसला. किती महिन्यांनी हसला! मग मीच तोड काढली. गावात नाही तर जंगलाच्या रस्त्याने जाऊ, माझ्या कामाच्या दुसऱ्या टोल्याचा, म्हणजे पाड्याचा, रस्ता. तिथे पाहायला सागाची झाडं. ऊन वर आल्यावर निघायचं म्हणजे जनावराची भीती नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

आज मी जो मूर्खपणा केला तो शत्रूलाही सांगू नये.

रीताने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक बाई सांगते, मौन ठेवून चाला. टाच कशी टेकते, चवडा कसा उचलतो, श्वास कुठे आहे, सगळं मनाने पाहत चाला. प्रफुलला ते पटलं. म्हणे, नाटकात पण आम्ही असंच शिकलो. तर निघालो दोघं. मी गप, तो गप. काठी घेऊन एक-एक पाऊल टाकत होता, डोळे पायाकडे. मलाही गोड वाटलं ते. माझा जन्म बोलण्यात गेला, असं शांत मी चाललीच नव्हती कधी. पाखरं ऐकू आली, ओल्या मातीवर चपलेचा आवाज ऐकू आला.

नाल्यापाशी जाऊन परत फिरलो. आणि थोडं आल्यावर चिखलात पाहतो तर आमच्या जातानाच्या पावलांवर त्याची पावलं. गोल, ताजी, माझ्या पंज्याएवढी. आमच्या पावलांच्या वर! म्हणजे आम्ही मौन पाळून चाललो होतो आणि वाघोबा मागून येत होता, तोही मौन पाळून.

या जिल्ह्यात पोराला चालायच्या आधी शिकवतात, जंगलात बोलत जा, खोकत जा, गाणं म्हणत जा. तेंदूपत्त्याच्या दिवसात मीच घरोघरी सांगत फिरते, "बायाहो, चूप राहू नका." आणि मीच चूप! फक्त यासाठी की नवऱ्याला लोकांनी लंगडताना पाहू नये.

मी ओरडायला लागली, जे तोंडात येईल ते. देवीची आरती, शेजारच्या धुरपताबाईच्या कोंबड्याचं नाव, लसीकरणाची तारीख. आणि प्रफुल? हा माणूस चिखलात वाकून पाहतो आहे. मला वाटलं वाघाचं पाऊल पाहतो. तर म्हणतो, "मंजू, माह्यं डावं पाऊल पाह्य. टाच पडतच नाई. चवडाच पडते, अन् वजन बाहेरच्या अंगाले. मी असा चालतो हे मले माहीतच नोतं."

मी म्हटलं, "आधी घरी चाला, मंग पाहा पावलं!" पण एक सांगते, किती दिवसांनी त्याच्या डोळ्यात तो प्रयोगाच्या आधीचा उजेड होता.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नवीन कायदा केला. मी पुढे, तोंडाने आवाज करत. तो मागे, पायाकडे लक्ष देत. मौन त्याचं, हल्लागुल्ला माझा.

दोन दिवसांत माझं बोलणं संपलं. मी! आशाताई! मग गावातल्या एकेकाचा हिशोब चुकता केला, ग्रामसेवकापासून सुरू करून. वाघालाही कळलं असेल की आमच्या गावात कोण कोण गोळ्या घेऊन नालीत टाकते.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. सगळे बैलांची शिंगं पाहत होते, झूल पाहत होते. प्रफुल खाली बसून बैलांचे पाय पाहत होता. संध्याकाळी अंगणात काठी बाजूला ठेवली आणि धुरपताबाईच्या म्हाताऱ्या बैलासारखा चालून दाखवला. मान खाली, खांदा हलका, आणि मागचा पाय जणू त्या पायालाच विचारून टाकावा लागतो. हसून माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण धुरपताबाई हसली नाही. म्हणाली, "तो बैल आता जास्त दिवस नाई राह्यत व. हे मले माहीत होतं, पण आज दिसलं." आणि पदर डोळ्याला लावला.

मग तर रोज सुरू झालं. बगळा शेताच्या बांधावर कसा चालतो, नवीन सून सासरी पहिल्यांदा चालते ती कशी, साहेब जीपमधून उतरून कसा चालतो. दोन बोटं आखूड पाय प्रत्येकात कुठे बसवायचा ते शोधत असतो. साहेबात बसला नाही म्हणे, साहेब दोन्ही पाय सारखे टाकतो. बगळ्यात बसला. मी स्वयंपाक सोडून पाहत बसते, भाजी करपते. आपण सगळे चालतो, पण मी कधी कुणाचं चालणं पाहिलं नव्हतं. पायात इतकं काही असते! या माणसाने मला म्हातारपणी डोळे दिले, असं म्हणावं लागेल. त्याच्या तोंडावर नाही म्हणणार, चढून बसेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज धुरपताबाई चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मंजू, रागावू नको. तुहा नवरा बायाइच्या पायाकडे पाह्यते. निंदणाच्या बाया बांधावरून येत होत्या, हा झाडाखाली बसून पाह्यतच राह्यला. बाया खुसुरफुसुर करून राह्यल्या."

मले असा राग आला! मी याच्यासाठी जंगलात वाघासमोर घसा फोडून राह्यली अन् हा इथी बायाइचे पाय पाह्यते! घरी आल्याबरोबर विचारलं, "काऊन जी, काय पाहत होते बांधावर?"

"पाय."

"कोणाचे?"

"बायाइचे." असं सरळ म्हणाला, जसं भाजीत मीठ किती ते सांगावं.

"लाज नाई वाटत?"

"सोंग बांधून राह्यलो मंजू. बांधून होईस्तोवर उघडं करत नसतात. तुले माहीत आहे."

माहीत आहे. राजा बांधत होता तेव्हाही महिनाभर बोलला नव्हता. पण बाईचं सोंग? हे तर दंडारीत करतात, मंडईच्या दिवशी, गडी माणसं लुगडं नेसून नाचतात तेव्हा. राजा उतरून आता नाचे होणार का हे? मी जेवली नाही. मग खूप भूक लागली आणि जेवली.

१४ सप्टेंबर, रविवार

चालताना माझ्यावर हुकूम सुटून राह्यले. आज सुटी, तरी म्हणतो, "थैली घेऊन चाल." गोळ्यांची, पट्ट्यांची माझी कामाची थैली. मी म्हटलं, रस्त्यात कोणाला गोळ्या देऊ, माकडाला? ऐकत नाही. घेतली. आता मागून आवाज येतो, "थैली कोणत्या खांद्यावर घेते तू?" मी म्हटलं, "डाव्या. नेहमीच डाव्या." "बरं." थोड्या वेळाने, "मंजू, आता वळली तशी परत एकदा वळ."

मी वळली. म्हटलं, "काय आहे?"

"काई नाई. चाल."

मला कळलं यातलं. ओझं असलं की मी सावकाश चालते, म्हणजे त्याला दम लागत नाही. सरळ 'हळू चाल' म्हणायला लाज वाटत असेल. पुरुषाची जात! पण मी बोलली नाही, थैली घेऊन चालत राहिली. काठी आता तो नुसती हातात धरतो, टेकवत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वडशाला जाऊन आलो. बसस्टँडवरून कंपनीच्या ऑफिसपर्यंत प्रफुल काठी न घेता चालला. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला.

अयूबभाई उठून समोर आले, गळ्यात गळा घातला. माणूस चांगला आहे, अपघातानंतर दवाखान्यात आमच्या आधी तोच पोचला होता. पण धंदा तो धंदा. प्रफुलने त्यांच्यासमोर राजा चालून दाखवला. मी दाराशी उभी होती. पाय ओढत नव्हता, पण प्रत्येक पावलाला मुकुट डावीकडे कलायचा. मुकुट डोक्यावर नव्हता, तरी मला कलताना दिसला.

अयूबभाई बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "प्रफुलभाऊ, बुरा मत मानना. पब्लिक टिकट काढून येते. राजा डोलला तर पब्लिक हसते. आंधळ्या बापाचं काम आहे नव्या नाटकात. खाटेवर बसून पूरा डायलॉग. तुमचा आवाज आहे ना!"

मी मनात म्हटलं, घ्या, घ्या, हो म्हणा. प्रफुल म्हणाला, "बसून काम नाई करणार, अयूबभाई. आमच्या गावच्या मंडईले या. दिवसा दंडार आहे. तिथी एक एन्ट्री पाहा. नाई आवडली तर आंधळा बाप काय, मेलेला बाप करतो."

"दंडारीत?" अयूबभाई माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाभी, ये क्या बोल राह्यला?"

मी म्हटलं, "मले काय विचारता, अयूबभाई? मी तर नुसती पुढं चालते."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दुपारी लवकर घरी आली तर घरामागे धप्प आवाज आला. हळूच पाहिलं. प्रफुल पडला होता. उठला, माती झटकली, पुन्हा चालला, पुन्हा त्याच जागी वळताना पडला. पुन्हा उठला. एवढा मोठा राजा, आणि एका वळण्यासाठी आपल्याच परसात किती वेळा मातीत जातो! मला त्याची दया नाही आली, खरं सांगते. मला त्याचा अभिमान वाटला. आणि भीतीही वाटली.

संध्याकाळी पाय सुजला. शेकता शेकता मी म्हटलं, "अजी, घ्या ना आंधळ्या बापाचं काम. काय वाईट आहे? घरी सुखरूप तर राहाल."

तो म्हणाला, "राजाची चाल मी एका जुन्या नटाची पाहून उचलली होती. त्यानं कोणाची उचलली होती कोणास ठाऊक. राजा ना त्यानं पाह्यला होता, ना मी. आता ज्याची चाल उचलून राह्यलो ना मंजू, तो माणूस मी रोज पाह्यतो. राजापेक्षा मोठा आहे."

"कोण?"

"मंडईले पाह्यजो."

मी विचार करत राहिली. संत-महात्मा असेल कोणी. किंवा दवाखान्यातला तो मोठा डॉक्टर, पण तो तर जास्त करून खुर्चीतच बसतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल मंडई झाली. काल लिहायला बसली नाही, आज लिहिते.

दुपारी सगळा गाव आणि आजूबाजूचे टोले शाळेच्या मैदानात. पानाची दुकानं, शिंगाडे, जिलबी. अयूबभाई पुढे खुर्चीवर, मी बायांमध्ये सतरंजीवर, बाजूला धुरपताबाई. ढोलकी सुरू झाली, दोन-तीन सोंगं झाली, लोक हसले. मग ढोलकी थांबली आणि एक बाई आली.

प्रफुल होता. लुगडं घाईत खोचलेलं, केस कसेतरी बांधलेले, डाव्या खांद्यावर थैली. आणि चालला. माझ्या देवा, लंगडणं कुठेच नव्हतं! डावा खांदा खाली होता तो थैलीच्या वजनाने. डावा पाय दबून पडत होता तो थैलीच्या वजनाने. उजवा पाय पुढच्या घरी पोचायची घाई करत होता. दोन बोटं आखूड पायाला त्याने राहायला घर शोधलं होतं. इतके महिने मी त्या पायाकडे पाहिलं, आणि काल तो मला दिसलाच नाही.

ती बाई एका दारापाशी जाते. शब्द एक नाही, नुसता हात, मान, पाय. आतल्या माणसाला काहीतरी बजावते. निघते. चार पावलं जाते, थांबते, बोट वर करून वळते, परत येऊन अजून एक गोष्ट सांगते. निघते. पुन्हा बोट वर, पुन्हा वळते. मैदान कोसळलं हसून. मी तर सगळ्यात जास्त हसली. मला वाटलं आमच्या उपकेंद्रातल्या जुन्या नर्सबाई! अगदी हुबेहूब!

तेवढ्यात पोरं ओरडली, "आशाताई! आशाताई!" आणि सगळ्या मैदानाने माझ्याकडे पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. धुरपताबाईने माझ्या पाठीत धपाटा घातला, "अवो, तूच व! दुसरी कोण आहे आपल्या गावात अशी?"

माझ्या कानात आग झाली. सगळ्या गावासमोर माझी नक्कल! मी उठून जाणार होती. खरंच उठली होती.

पण तिकडे चाल बदलली. त्या बाईने एक हात बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर धरला, जणू कोणत्या तरी काठावर ठेवला आहे. आणि चालायला लागली, भरभर, मान ताठ, त्या काठाच्या बाजूबाजूने. हसणं आपोआप थांबलं. पुढे बसलेली सोमारी "माय व!" म्हणाली आणि तिने आपल्या पोरीला जवळ ओढलं.

सगळ्यांना कळलं होतं. ती खाट होती. सोमारीच्या याच पोरीच्या वेळची; पोरगी आता शाळेत जाते. तेव्हा जानेवारी होता, सोमारीला कळा सुरू झाल्या, पुलाचं काम चालू म्हणून अॅम्ब्युलन्स पलीकडेच थांबली. सोमारीच्या नवऱ्याने आणि दिराने खाट उचलली आणि जंगलातून पुलापर्यंत नेली, मी बाजूने. त्याच आठवड्यात त्या रस्त्यावर वाघाने बैल मारला होता. प्रफुल तेव्हा ब्रह्मपुरीकडे दौऱ्यावर होता, राजा करत होता. त्याने हे पाहिलंच नाही, गावाने सांगितलं तेवढं ऐकलं.

काल ती चालत होती, एका हाताने खाटेला आधार देत, छाती काढून, न भिता. मग ती थांबली, खाट जणू पुढे निघून गेली, आणि तिने थैली खांद्यावर सारखी केली आणि परत गावाकडे चालायला लागली, तीच घाईची चाल. पुढच्या घरी जायची.

मग टाळ्या वाजल्या तर थांबेनात. शिट्ट्या. राजालाही अशा नव्हत्या मिळाल्या. मी काय केलं? मी पळाली. घरी येऊन चुलीपाशी बसून रडली. मी अशी चालते? कोणी इतकी वर्षं माझ्याकडे पाहून राह्यलं होतं, आणि मी म्हणत होती की ओझ्याने मी हळू चालते म्हणून थैली घ्यायला लावली!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

काल दिवसभर प्रफुलशी बोलली नाही. कामावर गेली तर पाय कसे टाकावे ते सुचेना. एका घरातून निघाली, एक गोष्ट सांगायची राहिली म्हणून वळणार होती, आणि लाजेने वळली नाही. मग आठवलं की ती ताप आलेल्या पोराच्या गोळीची गोष्ट होती, आणि धावत गेली.

आज सकाळी अयूबभाई वडशावरून परत आले. खास. मी चहा ठेवला. म्हणाले, "भाभी, राजा नथ्थूच करील. राजे बहुत मिळतात. पण त्या बाईवर पूरा नाटक लिहून घेतो मी, प्रफुलभाऊच करतील. मैंने पूछा, तो बोलते, चाल तिची आहे, तिले विचारा. ती नाई म्हणाली तर आंधळा बाप करतो."

प्रफुल खाली पाहत बसला होता. अंगठ्याने जमीन कोरत होता, शाळेतल्या पोरासारखा. एवढ्या महिन्यांची सगळी पडझड, सूज, माती माझ्या एका शब्दावर आणून ठेवली आणि स्वतः गप. मला राग आला, आणि त्याच्या वरून माया आली.

मी म्हटलं, "नाटक करा. पण खोटं नाई चालत."

"काय खोटं?" प्रफुलने मान वर केली. नटाला खोटं म्हटलं की लागते.

"खाट. तुमी हात असा ठेवला, आधार दिल्यासारखा. छाती काढून चालले. गावाने तुमाले तसंच सांगितलं असेल. मी नोती तशी."

"मंग कशी होती?"

मी आजपर्यंत हे कोणाला सांगितलं नव्हतं. लोक वाघीण म्हणत होते, कशाला सांगू? पण दोघं बसले होते, चहा उकळत होता, आणि सांगून टाकलं. "माह्ये पाय लटलट कापत होते जी. घसा बसला होता, आवाज निघत नोता. डोळ्यासमोर झाडंच नोती दिसत. मी खाटेले आधार नोता देला. मी खाटेले धरलं होतं. हात सुटला असता तर मी तिथीच पडली असती. तिकडं सोमारी कळा देऊन राह्यली अन् मी तिच्याच खाटेचा आधार घेऊन चालली."

अयूबभाईने कप खाली ठेवला. प्रफुल हळू म्हणाला, "चालून दाखव."

मी कधी कोणाला चालून दाखवलं नव्हतं. अंगणात उतरली, हात बाजूला धरला, आणि उगाच लाज वाटली. मग तो रस्ता आठवला, आणि पाय आपोआप तसे झाले. बोटं आवळली. गुडघे वाकले. वजन सगळं त्या हातावर गेलं. अंगणाच्या टोकापर्यंत गेली तेव्हा मला घाम आला होता.

वळली तर प्रफुल रडत होता. स्टेजवर रडतो तसं नाही, नाक-तोंड सगळं एक करून. "मी त्या दिवशी मुकुट घालून चालून राह्यलो होतो," म्हणाला. "लोक शिट्ट्या मारून राह्यले होते."

मग उठला आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. म्हणाला, "हे मले येते, मंजू. फेब्रुवारीपासून मी हेच करून राह्यलो. भिंत, खाट, दार, जे सापडेल ते धरून. मले वाटे असं चालणं म्हणजे लाज."

मी म्हटलं, "मले बी."

अयूबभाईने गेटापाशी जाऊन कोणाला तरी फोन लावला, पाठ आमच्याकडे करून. बिचारा माणूस. चहा उतू गेला होता, कोणी पाहिलं नाही. प्रफुलने हात तसाच बाजूला धरला, बोटं आवळली, आणि मला म्हणाला, "आता माह्यं चुकलं तिथी थांबव." मी त्याला दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा थांबवायची गरज पडली नाही.